भांडायचे कोणाशी?

दिवाळीच्या फराळात चकली मऊ पडली, तर घरात पहिला प्रश्न निघतो तो चकली कुरकुरीत कशी करावी हा नव्हे; भाजणी कोणी केली, हा. भाजणी करणारी म्हणते, मोहन कमी पडले. मोहन घालणारी म्हणते, डाळच जुनी होती. आणि सगळ्यांचा रोख अखेर वाण्यावर जातो. वाणी तक्रार ऐकून घेतो, उलट दोन शब्द सुनावतो आणि पुढच्या खेपेला डाळ पारखून देतो. या प्रकाराला आपण कटकट म्हणतो. मला मात्र अलीकडे या कटकटीविषयी आदर वाटू लागला आहे. ज्याच्याशी भांडता येते अशा माणसाच्या हातचे आपण खातो, हे काही लहान भाग्य नव्हे.

आपला सारा संसार अशा भांडणांवर उभा आहे. सदरा आखूड झाला तर शिंप्याचे दुकान ठाऊक असते. दार घासू लागले तर सुताराला बोलावणे जाते. जुन्या गावगाड्यात नांगराचा फाळ बोथट निघाला की शेतकरी संध्याकाळी लोहाराच्या भात्यापाशी जाऊन उभा राही. त्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्यात कित्येकांना पाण्याला शिवण्याचा अधिकार नव्हता. मग तोंड उघडून भांडण्याचा कोठून असणार? पण त्यावरूनही माझेच म्हणणे खरे ठरते. समाजात एखाद्याला किती मान आहे हे पाहायचे असेल, तर त्याला ‘असे का?’ म्हणून कोणाकोणाला विचारता येते, ते मोजावे.

हा प्रश्न मला पडण्याचे कारण माझा धंदा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. १९८३ साली मुंबईत या धंद्यात पडलो, तेव्हा घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी नेमके काय करतो हे सांगता सांगता आईची तारांबळ उडे. शेवटी ती म्हणे, ‘मोठ्या यंत्राचे हिशेब लिहितो.’ व्याख्या वाईट नव्हती. बँका, विमा, पगारपत्रके यांचे हिशेब यंत्राने कसे करावेत, हे पायरीपायरीने लिहून काढणे हेच आमचे काम. त्या काळी हे बहुतेक कोबोल नावाच्या भाषेत चाले. ही भाषा १९६० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली आणि तिच्यात एक सुंदर सोय होती. प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी त्याचे नाव लिहायचे, आणि त्याच्या खाली लेखकाचे नाव व लिहिल्याची तारीख घालायला जागा ठेवलेली. यंत्राला त्या नावाचा काडीचाही उपयोग नव्हता. ते नाव माणसांसाठी होते. रात्री दोन वाजता हिशेब जुळेनासा झाला, तर कोणाला उठवायचे हे त्यावरून कळे.

आणि उठवीत असत! पण उठल्यावर एक समाधान असे. चूक कोठेतरी होतीच, आणि ती कोणत्या तरी एका ओळीत होती. ओळीमागून ओळ वाचीत गेले की पहाटेपर्यंत ती सापडे. ‘इथे वजाबाकी करायला हवी होती, बेरीज झाली आहे,’ असे बोट ठेवून सांगता येई. १९९९ च्या आगेमागे आमच्या धंद्यातल्या हजारो मंडळींनी वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या सवयीपायी जगभरचे प्रोग्रॅम उघडून दुरुस्त केले. पंचवीस पंचवीस वर्षांपूर्वीचे ते लिखाण उघडताना वर कोणा अनोळखी माणसाचे नाव दिसे. त्यातले कित्येक निवृत्त झाले असतील, काही जगातही नसतील. तरी नाव होते, आणि त्या नावाशी मनातल्या मनात भांडत भांडत आम्ही काम केले.

या दुनियेतून मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळलो, तेव्हा वय अठ्ठावन्न होते. या वयात माणसे चारधाम यात्रेला जातात. मी ज्या विभागात गेलो तेथे सगळी मंडळी पंचविशीतली. त्यातली एक मुलगी मला हा नवा विषय शिकवी. ती मला ‘सर’ म्हणे आणि मी तिच्यापुढे वही उघडून बसे.

या वाटेने जाणारा मी पहिला नव्हे, हे पुढे वाचनात आले तेव्हा मोठा धीर आला. भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला ‘टिफ्रॅक’. १९६० साली तो कामाला लागला; १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती एवढी तोकडी की आज फोनवर काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. तो ज्यांनी घडवला त्या तरुणांचे पुढारी होते रंगस्वामी नरसिंहन. त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी पूर्वी संगणक पाहिलेलाही नव्हता. एक नलिका गेली की यंत्र अडे, आणि ती शोधून बदलली की चाले. असा सरळ कार्यकारणाचा व्यवहार. पण यंत्र उभे राहिले न राहिले तोच नरसिंहन यांचे मन दुसरीकडे वळले. १९६१ ते १९६४ या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्यांनी यंत्राला चित्रे कशी ‘वाचता’ येतील यावर काम केले. आणि परत आल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी एका निराळ्याच कोड्याला वाहिले: मूल घरातल्या मोठ्यांशी बोलता बोलता भाषा शिकते, ती कशी? कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे त्यांचे पुस्तक २००४ साली निघाले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. २००७ मध्ये ते गेले. ज्याला यंत्रातली एकूण एक तार ठाऊक, त्याने जे कोणालाच पुरते ठाऊक नाही त्याच्या मागे लागावे, यातले धाडस मला माझ्या लहानशा प्रवासामुळे समजू शकले.

कारण नवे काम जुन्याच्या अगदी उलट होते. पूर्वी आम्ही यंत्राला नियम सांगत असू. आता उदाहरणे दाखवतो. समजा, हाताने लिहिलेला मराठी मजकूर यंत्राला वाचायला शिकवायचा आहे. ‘ख’ हे अक्षर आणि जवळजवळ लिहिलेले ‘रव’ यांत फरक काय, याचा नियम लिहायला बसा. अर्ध्या तासात तुम्ही वहीवर डोके टेकाल. म्हणून नियम लिहायचाच नाही. हजारो माणसांनी लिहिलेले ‘ख’ आणि ‘रव’ यंत्रापुढे ठेवायचे. ते आधी चुकते. चुकले की त्याच्या पोटातले लक्षावधी आकडे किंचित किंचित हलवायचे. पुन्हा चुकले की पुन्हा. असे होता होता एके दिवशी ते बहुधा बरोबर वाचू लागते. २०२२ च्या अखेरीपासून घरोघरच्या फोनमध्ये जाऊन बसलेली बोलकी यंत्रेही याच तत्त्वाची. फक्त त्यांच्या पोटातले आकडे अब्जावधी आहेत आणि त्यांनी अक्षरांऐवजी माणसाचे अफाट लिखाण वाचले आहे. ती सफाईने बोलतात. कित्येकदा तर उचलली जीभ लावली टाळ्याला, असेही करतात. पण ती बरोबर असोत की चूक, ‘हे तू कशावरून म्हणालास?’ या प्रश्नाला बोट ठेवून दाखवावी अशी ओळ त्यांच्यात नाही. रात्री दोनला उठून पहाटेपर्यंत वाचावे असे काही नाही. आकडे आहेत, पण कोणत्याही एका आकड्यावर दोष ठेवता येत नाही.

गेली काही वर्षे मी वर्षातले चार महिने भंडारदऱ्याला, शेंडी गावात राहतो. पलीकडे रतनगड, एका बाजूस सोळाशे सेहेचाळीस मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, आणि मध्ये प्रवरेवरचे विल्सन धरण. मुंबईपुण्याची मंडळी येथे पावसाळ्याच्या तोंडी काजवे पाहायला आणि पुढे रंधा धबधबा पाहायला येतात. मी आलो तो लिहिण्यावाचण्यासाठी. पण येथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने मला जितका विचार करायला लावला, तितका पुस्तकांनी लावला नाही.

एका संध्याकाळी मी त्याला माझ्या कामाविषयी सांगत होतो. यंत्र आता रोग ओळखते, पिकाचे फोटो पाहून कीड सांगते, कर्जाचे अर्ज तपासते, असे माझे चालले होते. म्हातारा विडी विझेपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “सायेब, आमच्या आज्यानं या धरनावर दगड वाह्यले. मागनं त्याचंच शेत पान्यात गेलं. मंग बापानं मोबदल्यापायी साहा वर्सं हेलपाटे घातले. मिळालं थोडंच. पर भांडायला कचेरी व्हती. टेबल व्हतं, टेबलामागं मानूस व्हता. तुमचं ह्ये यंत्र चुकलं, तर भांडायचं कुनासंगं?”

मला उत्तर सुचले नाही. आणि उत्तर सुचले नाही याला आणखी एक कारण होते. नेमका हाच प्रश्न, जरा सुटाबुटातल्या भाषेत, माझ्यापुढे काही दिवसांपूर्वी येऊन गेला होता.

शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेचे काम आमच्याकडे आले होते. नाव सांगण्यात हशील नाही. हजारो जुने अर्ज आणि त्यांवरचे निर्णय यंत्राला दाखवायचे. मग नव्या अर्जांतले कोणते मंजूर करावेत आणि कोणते नाकारावेत हे त्याने सांगायचे. ज्यांना नकार, त्यांच्या फोनवर दोन ओळींचा संदेश जायचा. मी एवढेच सुचवले की मंजुरी यंत्राने खुशाल द्यावी. पण प्रत्येक नकाराखाली एका अधिकाऱ्याचे नाव असावे, समजेल अशा मराठीत कारण असावे, आणि तो अधिकारी कोणत्या वारी कोठे बसतो तेही असावे. समोरचे गृहस्थ सज्जन होते. ते हसून म्हणाले, “साहेब, माणसेच बसवायची तर यंत्र कशाला?” मी म्हणालो, यंत्र ढीग उपसायला, ‘नाही’ म्हणायला माणूस. ते त्यांना परवडणारे नव्हते. त्या कामावर मी माझे नाव घातले नाही आणि बाजूला झालो. माझ्यावाचून काम अडले नाही, हेही सांगायला हवे. जगात असे क्वचितच अडते.

पण मी केले ते न्यायाचे होते का? जी मुलगी मला हा विषय शिकवी, तिला ते मुळीच पटले नाही, आणि तिचे बोलणे मी अजून विसरलेलो नाही. ती म्हणाली, “सर, माणूस तरी खरे कारण कोठे सांगतो? माझ्या वडिलांचा अर्ज तीनदा फेटाळला गेला. कागदावर कारण लिहिले होते, तारण अपुरे. खरे कारण आमचे आडनाव होते. यंत्राला आडनावाशी काय करायचे आहे?”

या बोलण्यात मोठे सत्य आहे. आपण आपल्या निर्णयांची कारणे देतो ती पुष्कळदा मागाहून शिवलेली असतात. यंत्राला दुपारी झोप येत नाही, ते घरी भांडून कचेरीत येत नाही, पाहुण्यारावळ्यांचा वशिला लावून घेत नाही. एवढे कबूल करूनही तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की यंत्र शिकले ते त्याच फेटाळलेल्या अर्जांवरून. आडनाव झाकले तरी गाव दिसते, वस्ती दिसते, आणि आपल्याकडे वस्तीवरून आडनाव ओळखायला यंत्र लागत नाही. दुसरी ही, की वडिलांना दिलेले कारण खोटे होते, हे तिला कळले कसे? कारण ते दिले गेले होते म्हणून! तारण पुरेसे आहे हे दाखवता आले, म्हणून लबाडी उघडी पडली. खोटे कारण हीदेखील एक पकड असते. कारणच नसेल तर हात कोठे घालायचा?

ती क्षणभर गप्प झाली; मग म्हणाली, “पण पकड सापडूनही कर्ज मिळाले नाहीच.” यावर मी काय बोलणार? एवढेच कळले, की नुसते नाव आणि कारण पुरत नाही. त्या नावाच्या माणसावर कोणाची तरी नजर हवी. ती नजर यंत्राची असायलाही हरकत नाही. सारखेच दोन अर्ज, एक मंजूर आणि एक नामंजूर, असे दिसले तर यंत्राने वरिष्ठांना ते दाखवावे. माणसाने यंत्राला तपासावे, यंत्राने माणसाला. पण दोहोंच्या शेवटी जो उभा राहील, तो माणूसच हवा.

येथे कोणी विचारील, जुनी यंत्रे तरी एवढी भली होती का? ओळीवर बोट ठेवता येत होते म्हणून अन्याय टळला का? टळला नाही. ब्रिटनच्या टपाल कंपनीने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची यंत्रणा आपल्या पोस्टांत बसवली. ती आमच्या जुन्या पद्धतीचीच. तिच्यात कृत्रिम बुद्धी नव्हती. तिच्यातल्या दोषांमुळे लहान लहान पोस्टांच्या हिशेबांत नसलेली तूट दिसू लागली. पोस्ट चालवणारे साधे दुकानदार सांगत राहिले, आम्ही पैसे घेतले नाहीत. ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच,’ असे त्यांच्यातल्या कित्येकांना ऐकवले गेले. ९०० हून अधिक जण गुन्हेगार ठरले. काही तुरुंगात गेले. २०२४ साली पार्लमेंटने खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. ज्या ओळी चुकीच्या होत्या त्या वाचता येण्याजोग्या होत्या. वाचण्याची तयारी मात्र नव्हती.

हे ध्यानात आल्यावर माझ्या मनातला गुंता बराच सुटला. मी आजवर समजत होतो की यंत्राचे पोट समजत नाही, हेच नव्या काळाचे संकट आहे. तसे नसावे. पुरते न समजलेल्या गोष्टींवर माणूस पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. आई मुलाला वाढवते ती काय त्याचे मन पुरते उलगडून? कित्येक औषधे आधी गुणकारी ठरली आणि ती का गुण देतात हे मागाहून कळले. समजणे अपुरे असू शकते; उत्तर देणे अपुरे असता कामा नये.

याचा दाखला माझ्या अंगणातूनच दिसतो. भंडारदऱ्याच्या भिंतीचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. योगायोग असा की नरसिंहन यांचा जन्मही त्याच वर्षाचा. सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत आज आहे तशा गणकयंत्रांवाचून, कागदावरच्या हिशेबावर उभारलेली. एवढ्या पाण्याचा रेटा घेऊन ती शंभर वर्षांत कशी वागेल, हे बांधणाऱ्यांना तंतोतंत सांगता येणे शक्यच नव्हते. १९६९ साली तिला तडे गेल्याचे आढळले. मग पुढच्या काळात खालच्या अंगाने भक्कम आधार बांधून तिला बळकटी दिली गेली, आणि ती आजही प्रवरेचे पाणी तोलून धरते. बांधणाऱ्यांना सगळे समजले नव्हते, यात पाप नव्हते. पाप झाले असते ते बांधून झाल्यावर पाठ फिरवण्यात. तडा गेला तेव्हा तो पाहायला डोळे होते, त्याचे उत्तर द्यायला खाते होते, आणि त्या खात्याला विचारायला धरणाखालची गावे होती. भिंत दगडाची असते. पण ती उभी राहते ती अशा पहाऱ्यावर.

अर्थात त्या पहाऱ्यातही सगळ्यांचा आवाज सारखा पोहोचला नाही. पाणी खाली गेले. संगमनेर-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. धरणाच्या उशाशी असलेल्या वाड्यापाड्यांवर मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट होते. भिंतीला नाव मिळाले ते गव्हर्नरसाहेबांचे. म्हाताऱ्याच्या आज्याचे नाव कोणत्याच दगडावर नाही. नव्या यंत्रांच्या बाबतीतही हे पाहायला हवे. ज्यांच्या लिखाणावर, बोलण्यावर आणि अर्जांवर ती शिकली, त्यांच्या वाट्याला काय येते? पाणी की पायपीट?

याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांची पेढी उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाच्या कोणत्याही वाणाबद्दल बोलके यंत्र तुम्हांला पानभर माहिती देईल. ती बरीचशी खरीही असेल. राहीबाई कदाचित चार वाक्ये सांगतील. पण बी उगवले नाही तर त्यांच्या दारात जाऊन विचारता येते. माझ्या मते ज्ञानाचा भरवसा या दारामुळे येतो.

आणि हे दार बंद झाले की काय होते, हेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि ते लोण पुण्यात व अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पसरले. त्या दंग्यांत नजरेत भरते ते हे, की लोकांचा मुख्य राग माणसांवर निघाला नाही, कागदांवर निघाला. कर्जरोखे आणि खतपत्रे मागून घ्यायची आणि जाळायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्यावर उभा राहिलेला कागद. त्यात काय लिहिले ते त्याला कळत नसे, आणि कज्जा झाला की कागद म्हणेल तेच खरे ठरे. जो हिशेब विचारता येत नाही, तो माणूस अखेर जाळतो. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला आज फार दूरदृष्टीची वाटते: न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून निकाल देऊ नये, रोख्याच्या मागे जाऊन मुळापासूनचा व्यवहार तपासावा. सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असेही त्यात होते. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने हेच यंत्राच्या बाबतीत म्हटले आहे: ज्याने माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम होतो, असा निर्णय यंत्राने परस्पर घेतला असेल, तर त्यात माणसाने लक्ष घालावे अशी मागणी करण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क. दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात जे मागितले गेले, त्याहून हे फार निराळे नाही.

माझ्या शेजाऱ्याला मी पुढे एकदा उत्तर दिले. म्हणालो, “बाबा, यंत्राशी भांडू नका. ते ज्याने बसवले त्याच्याशी भांडा. आणि तो सापडत नसेल तर ते यंत्र घेऊच नका.” म्हातारा म्हणाला, “घ्येऊ नका म्हनायला आमाला कोन इचारतंय?” हा माणूस मला पुरता जिंकू देत नाही. पण त्याच्या या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या धंद्यातल्या लोकांनीच द्यायचे आहे. घेणाऱ्याला विचारले जात नसेल, तर करणाऱ्याने तरी आधी स्वतःला विचारावे: हे चुकले, तर माझ्या दारात कोण येऊ शकेल? आणि कोणीच येऊ शकणार नसेल, तर ते काम कितीही चतुराईचे असो, माझे नाव त्यावर नसावे.

हल्ली मी एका लहानशा कामात आहे. घरोघरी माळ्यावर पडलेले जुने मोडी कागद यंत्राकडून वाचून घ्यायचे. यंत्र चटकन वाचते, आणि कधी कधी आजोबांच्या नावाचा भलताच अवतार करते. म्हणून प्रत्येक कागदाच्या वाचनाखाली आम्ही एक ओळ ठेवली आहे: ‘हे वाचन अमक्याने तपासले.’ चूक सापडली की लोक त्या नावाला पत्र लिहितात. काही पत्रे चांगलीच तिखट असतात. परवा लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतील आणि मग आपल्या हाताने पहिली नोंद करतील. वहीतले अक्षर ज्याचे, हिशेबाला उभे राहायचे त्याने, ही त्या पूजेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. यंदा मी माझ्या त्या मोडीच्या याद्यांची एक प्रत काढून पाटावर ठेवणार आहे. तिच्यात मजकूर यंत्राचा आहे. खालची नावे आमची आहेत.